मुंबईहून क्रूझ: जहाज कुठलं घ्यावं, केबिन कुठली घ्यावी

क्रूझच्या जाहिरातीतला ठळक आकडा चार अटींवर उभा असतो. तो एका माणसाचा असतो. केबिनमध्ये दोघं राहणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं. केबिन सगळ्यात स्वस्त, म्हणजे बिनखिडकीची असते. आणि बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर त्यात बहुधा नसतात. या चारही गोष्टी खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येत नाही. पण त्या न वाचता बुकिंग करणारे पुष्कळ आहेत. एकाच जहाजावर, एकाच तारखेला गेलेल्या दोन कुटुंबांच्या खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो, आणि कमी पैसे भरलेलं कुटुंब जास्त शांत झोपलेलं असू शकतं.

निवडीचा क्रम साधा आहे: आधी सफर, मग जहाज, केबिन सगळ्यात शेवटी. नवखी मंडळी बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात करतात. ‘बाल्कनी हवीच’ एवढं पहिलं ठरतं आणि बाकीचं बजेट त्यात जातं.

आधी सफर

बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या सफरी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात जहाज समुद्रात जाऊन फिरून परत येतं, मध्ये कुठेच थांबत नाही. दुसरी गोव्याची, दोन-तीन रात्रींची. तिसरी लक्षद्वीपची, चार-पाच रात्रींची, कधी कोची जोडून. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज इथून हंगामी सफरी करतं. २०२३-२४च्या हिवाळ्यात ‘कोस्टा सेरेना’ हे इटालियन कंपनीचं मोठं जहाजही भारतीय प्रवाशांसाठी इथे आलं होतं. कुठल्या हंगामात कुठलं जहाज आहे हे दर वर्षी बदलू शकतं, म्हणून आधी जहाजाचं नाव विचारा. ‘गोवा क्रूझ’ एवढ्यावर पैसे भरू नका.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, अरबी समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत एम्प्रेस पूर्व किनाऱ्यावर जाऊन चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरी करत आलं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईकडचा सगळ्यात निवांत काळ. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही महिने आहेत. रोजच वादळ असतं असं नाही, पण मार्ग बदलण्याची किंवा सफर रद्द होण्याची शक्यता त्या दिवसांत जास्त. मेच्या सुट्टीत तिकीट काढणार असाल तर हे मनात धरूनच काढा.

आता ‘२ रात्री, ३ दिवस’ म्हणजे नेमकं किती ते मोजा. शुक्रवारी संध्याकाळी पाचला जहाज सुटलं आणि रविवारी सकाळी नऊला धक्क्याला लागलं तर ते चाळीस तास होतात. त्यातला पूर्ण दिवस एकच. तीन रात्री घेतल्या तर पूर्ण दिवस दोन होतात, म्हणजे रात्री दीडपट आणि मोकळा वेळ दुप्पट. टर्मिनलवरची रांग, सामान, सुरक्षेची कवायत आणि शेवटच्या सकाळची आवराआवर दोन्हीकडे तेवढीच लागते. म्हणून परवडत असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोनपेक्षा तीन रात्रींची सफर घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

गोव्यात जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागतं. तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याहून पुढे. जहाज आठ तास थांबणार असेल तर उतरणं, टॅक्सी, येणं-जाणं आणि सुटण्याआधी परत हजर होणं यात निम्मा वेळ जातो. उत्तर गोव्याचा बेत सोडा. बोगमाळो, माजोर्डा, कोलवा हा पट्टा बंदराला जवळ पडतो. ज्याला मुळात गोवाच बघायचा आहे त्याने रेल्वेने जावं, स्वस्त पडेल.

लक्षद्वीपला वेगळी अडचण. तिथे एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बेटापासून दूर नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी नेतात. लाटा जास्त असल्या तर उतरवणं रद्द होतं, आणि मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. हलत्या बोटीत पाऊल टाकून चढावं-उतरावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना हे जमणार का, याचा विचार बुकिंगच्या आधी व्हायला हवा. बेटांवर जायला परवाना लागतो. तो कंपनी काढणार का आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेत का, हे विचारून घ्या.

मुंबईकरांचा दुसरा मोठा पर्याय सिंगापूरचा. तिथे जहाजं मोठी आहेत, केबिन प्रशस्त आहेत, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोयही काही जहाजांवर चांगली आहे. पण तुलना करताना नुसतं क्रूझचं भाडं धरू नका. विमान, व्हिसा, विमा आणि आदल्या रात्रीचं हॉटेल हे सगळं मिळवा. क्रूझच्या दिवशीच सकाळी सिंगापुरात उतरायचा बेत करू नये, विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आणि सफर संपवून पुन्हा सिंगापुरातच शिरायचं असतं, त्यामुळे व्हिसा एकाच प्रवेशाचा असून भागत नाही. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतला जातो. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते.

जहाजाची पारख

जहाजाबद्दल तीन गोष्टी शोधायच्या: बांधणीचं वर्ष, ग्रॉस टनेज आणि प्रवासी क्षमता. ग्रॉस टनेज हे नाव टनांचं असलं तरी ते वजन नसतं, जहाजाच्या आतल्या एकूण बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा किती याचा अंदाज येतो. भागताना प्रत्येक केबिनमध्ये दोघं धरून येणारी संख्या घ्यायची.

एम्प्रेसचं ग्रॉस टनेज सुमारे ४८,५००. केबिन आठशेच्या आसपास, म्हणजे दोघं-दोघं धरून सोळाशे प्रवासी. भागाकार तीसच्या जवळ येतो. कोस्टा सेरेनाचा सुमारे १,१४,००० भागिले तीन हजार, म्हणजे अडतीस. सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’चा साधारण दीड लाख भागिले तेहतीसशे-साडेतेहतीसशे, म्हणजे पंचेचाळीसच्या घरात. तीस असेल तर न्याहारीच्या वेळी बुफेत टेबल शोधावं लागतं आणि तरणतलावाजवळची खुर्ची सकाळीच धरावी लागते. चाळीसच्या पुढे गेलं की गर्दी अंगावर येत नाही. सुट्टीच्या दिवसांत तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावरची मुलंही भरलेली असतात, तेव्हा हा आकडा आणखी खाली येतो.

बांधणीचं वर्ष केबिनसाठी महत्त्वाचं. एम्प्रेस १९९०मध्ये फ्रान्समध्ये बांधलं गेलं, अमेरिकन कंपनीच्या छोट्या सफरींसाठी. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच असत आणि साध्या केबिन शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या. नव्या जहाजांवर साधी केबिन दीडशे चौरस फुटांच्या पुढे जाते आणि बाल्कन्यांच्या रांगाच असतात. जुन्या जहाजावर ‘मिनी स्वीट’ या नावाखाली जे मिळतं ते नव्या जहाजावरच्या साध्या बाल्कनी केबिनएवढंच असू शकतं. म्हणून वर्गाच्या नावावर जाऊ नका, चौरस फूट विचारा. मुंबईत फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो तसंच. आणि सांगितलेल्या आकड्यात बाल्कनी धरली आहे का, हेही.

मोठं जहाज कमी हलतं हे बऱ्याच अंशी खरं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते आडवं डुलणं कमी करतात. पुढून येणाऱ्या लाटांनी जहाजाचं टोक वर-खाली होतं, त्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. तिथे केबिनची जागा कामाला येते.

केबिन: वर्ग नंतर, जागा आधी

केबिनचे वर्ग चार. आतली, म्हणजे बिनखिडकीची. खिडकीची, जिला ओशन व्ह्यू म्हणतात. बाल्कनीची. आणि स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी. किंमत या क्रमाने चढते आणि विकणाऱ्याचं लक्ष तुम्हाला एक पायरी वर चढवण्याकडे असतं. पण झोप, आवाज आणि बोट लागणं या तिन्हींचा संबंध वर्गापेक्षा केबिन जहाजात कुठे आहे याच्याशी जास्त आहे.

लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर जहाज सगळ्यात कमी हलतं. टोकांना आणि वर जास्त. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची महागडी बाल्कनी घेतली तर जास्त पैसे देऊन जास्त त्रास विकत घेतल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी मधली, खालची, खिडकीची केबिन चांगली. क्षितिज दिसत राहिलं की बोट कमी लागते. गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि सुटण्याआधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा.

आता डेक प्लॅन उघडा. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. तुम्हाला देऊ केलेल्या केबिनचा क्रमांक घ्या, समजा ६०४२. बहुतेक जहाजांवर पहिला आकडा मजल्याचा, म्हणजे सहावा डेक. नकाशावर तो क्रमांक शोधा. मग सातव्या डेकचा नकाशा उघडून बरोबर त्याच ठिकाणी काय आहे ते बघा, आणि मग पाचव्याचा. दोन मोबाइल शेजारी धरले तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर ती जागा उत्तम. वर तरणतलावाचा डेक असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढण्याचे आवाज येतात, कारण सफाई तेव्हाच होते. वर बुफे किंवा स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं ऐकू येतात. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री एक-दोनपर्यंत ढोल-बेसची धडधड जमिनीतून येते. आपल्याकडच्या सफरींवर डीजे जोरात असतो, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका. नकाशावर नाव न लिहिलेली पांढरी किंवा करडी मोकळी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची असते: भांडार, धुलाई, सामानाची लिफ्ट. तिच्याही शेजारची केबिन टाळा.

जहाजाच्या अगदी पुढच्या भागात खालच्या मजल्यावर दोन आवाज असतात. एक बाजूला सरकवणाऱ्या थ्रस्टरचा, बंदरात लागताना आणि सुटताना. दुसरा नांगराच्या साखळीचा. लक्षद्वीपला नांगर टाकला जातो तो बहुधा सकाळी लवकर, आणि ती साखळी सुटताना पुढच्या केबिनमधला माणूस झोपलेला राहत नाही. अगदी मागच्या भागात इंजिनाची थरथर जाणवते. लिफ्टसमोरची केबिन ज्येष्ठांना सोयीची वाटते, पण तिथे लोक थांबून गप्पा मारतात. चार-पाच दारं सोडून घेतली तर चालणंही कमी आणि गोंगाटही कमी.

नकाशावर दोन केबिनच्या मध्ये छोटा बाण किंवा दाराची खूण असेल तर त्या जोडकेबिन. एकाच कुटुंबाने दोन्ही घेतल्या तर फार सोयीच्या. अनोळखी शेजारी असेल तर त्याचा टीव्ही, फोन आणि भांडण सगळं ऐकू येतं, कारण मधलं दार भिंतीइतकं जाड नसतं.

खिडकीच्या केबिनमध्ये सगळ्यात जास्त निराशा होते ती जीवरक्षक नौकांमुळे. त्या जहाजाच्या बाजूला, मधल्या एखाद्या मजल्याच्या पातळीवर टांगलेल्या असतात आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून समुद्राऐवजी नौकेचा नारिंगी-पांढरा पृष्ठभाग दिसतो. अशी केबिन ‘अडलेल्या दृश्याची’ म्हणून थोडी स्वस्त विकतात. उजेड हवा आणि देखावा नसला तरी चालेल, असं असेल तर हा सौदा खरंच चांगला आहे. न सांगता गळ्यात पडली तर मात्र वाईट. खिडकी गोल आहे की मोठी चौकोनी, तेही विचारा. क्रूझवरच्या केबिनची खिडकी उघडत नाही. काचेबाहेर मिठाची पुटं चढतात, त्यामुळे जाहिरातीतल्यासारखं स्वच्छ दिसेलच असं नाही.

डावी बाजू की उजवी? मुंबईहून दक्षिणेला निघताना उजव्या हाताला गेटवे, ताज, कुलाबा आणि मग प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ येतो, सूर्य त्याच बाजूला मावळतो. डाव्या हाताला उरण-करंजा आणि पुढे खांदेरी-उंदेरी. परतीच्या पहाटे किनारा आणि सूर्योदय पुन्हा उजवीकडेच येतात. म्हणून गोव्याच्या सफरीत उजवी बाजू किंचित सरस. मात्र यासाठी जास्त पैसे मोजू नका. जहाज सुटताना सगळे वरच्या उघड्या डेकवरच असतात, तुम्हीही असाल.

बाल्कनी कधी परवडते

एकच हिशेब करा: जागेपणी, दिवसाउजेडी, केबिनमध्ये तुम्ही किती तास असणार?

मुंबई ते मुरगाव सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. पंधरा नॉटच्या, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैलांच्या, वेगाने पंधरा तास. म्हणजे संध्याकाळी निघून सकाळी पोहोचायचं, आणि मधला बहुतेक रस्ता अंधाराचा. बाल्कनीतून रात्री काळं पाणी दिसतं आणि वारा लागतो, एवढंच. गोव्याला दिवसभर जहाज बंदरात. अशा सफरीत बाल्कनीचे पैसे वसूल होत नाहीत. तेवढ्या फरकात दुसरी रात्र किंवा मुलांसाठी दुसरी आतली केबिन येऊ शकते.

लक्षद्वीपच्या सफरीत समुद्रावरचा पूर्ण दिवस असतो. लहान बाळ दुपारी झोपतं आणि कुणाला तरी केबिनमध्ये थांबावं लागतं, आजोबांना गर्दी नको असते, अशा घरांसाठी तिथे बाल्कनी सार्थकी लागते. एरवी फक्त झोपायला आणि आंघोळीला केबिनवर येणाऱ्यांनी मधली आतली केबिन घ्यावी. एक गोष्ट आधी सांगायला हवी: दिवे बंद केले की तिथे मिट्ट काळोख होतो, सकाळ झालेली कळत नाही. लहान मुलं घाबरतात. न्हाणीघराचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवा किंवा छोटा रात्रदिवा न्या. बंद जागेची भीती असलेल्यांनी आतली केबिन घेऊच नये, मग ती कितीही स्वस्त असो.

चौघांनी एकाच केबिनमध्ये राहायचं का, हा मराठी कुटुंबांचा हमखास प्रश्न. खाली दोन बिछाने असतात, वरचे दोन भिंतीतून किंवा छतातून उघडतात आणि शिडीने चढावं लागतं. तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी असतं, त्यामुळे माणशी खर्च खूप उतरतो. दोन मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर खुशाल घ्या. चौघंही मोठे असतील तर शंभर-सव्वाशे चौरस फूट, एक न्हाणीघर आणि चार बॅगा यांचा मेळ बसत नाही. तेव्हा मधल्या भागातल्या दोन लगतच्या आतल्या केबिन एका बाल्कनी केबिनपेक्षा बऱ्या. चौघांच्या केबिन संख्येने कमी असतात, आणि जीवरक्षक नौकांची क्षमता ठरलेली असल्याने सगळ्याच केबिनमधले वरचे बिछाने विकता येत नाहीत. त्यामुळे शाळांच्या सुट्टीत आधी त्याच संपतात.

एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण भाडं पडतं. जोडीदार शोधणं हाच स्वस्तातला उपाय.

‘गॅरंटी’ केबिन म्हणजे वर्ग ठरलेला, क्रमांक कंपनी नंतर देणार. थोडी स्वस्त पडते. कुठेही झोप लागणाऱ्यांसाठी ठीक आहे. बोट लागणाऱ्यांनी, ज्येष्ठांनी आणि शेजारी-शेजारी केबिन हव्या असणाऱ्या गटांनी ती घेऊ नये, कारण उरलेल्या जागाच वाट्याला येतात आणि वर सांगितलेल्या सगळ्या गैरसोयीच्या केबिन शेवटपर्यंत उरतात.

माणशी-रात्रीचा खरा दर

दोन सफरींची तुलना करायची तर एकच माप वापरा: सगळं मिळून द्यायची रक्कम भागिले माणसं, भागिले रात्री. पुढचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत.

समजा जाहिरातीत दोन रात्रींचे माणशी २०,००० लिहिले आहेत. नवरा-बायकोचे ४०,०००. बंदर शुल्क माणशी ३,००० धरून ६,०००. सेवा शुल्क माणशी रात्रीला ५००, म्हणजे २,०००. कर २,४००. एकूण ५०,४००. त्याला चारने भागलं की १२,६०० येतात, जाहिरातीतल्या हिशेबाने मात्र १०,००० दिसत होते. आता तीच सफर तीन रात्रींची, माणशी २६,०००. दोघांचे ५२,०००, बंदर शुल्क ६,०००, सेवा शुल्क ३,०००, कर ३,०००. एकूण ६४,०००, भागिले सहा, म्हणजे १०,६६७ च्या आसपास. जाहिरातीत महाग दिसणारी सफर रात्रीमागे स्वस्त निघाली, कारण बंदर शुल्कासारखे खर्च रात्रींवर वाढत नाहीत.

यात बुफे आणि मुख्य भोजनगृहातलं जेवण, नाट्यगृहातले कार्यक्रम, तरणतलाव हे सहसा धरलेलं असतं. मद्य, वाय-फाय, बंदरातली सहल, स्पा आणि खास उपाहारगृहं वेगळी. जैन किंवा उपासाचं जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर चढल्यावर सांगून नेहमी जमतं असं नाही. लेखी कोटेशनमध्ये प्रत्येक शुल्क वेगळ्या ओळीत मागा. ‘सगळं धरून’ असं फोनवर सांगणाऱ्या एजंटकडून तेच वाक्य ईमेलवर घ्या.

तारखेने भाडं सगळ्यात जास्त हलतं. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर, होळीचा जोडून आलेला शनिवार-रविवार आणि मेची सुट्टी महाग. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्चमधले मधल्या वारांचे दिवस, जानेवारीचा दुसरा पंधरवडा, आणि पितृपक्षात जहाज मुंबईत आलेलं असेल तर ते दिवस तुलनेने उतरलेले असतात. समुद्रही जानेवारी-फेब्रुवारीत शांत असतो, तेव्हा ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुलं नाहीत त्यांच्यासाठी हा हंगाम सोन्यासारखा.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याचे टप्पे वाचा. सुटण्याची तारीख जितकी जवळ तितकी कापली जाणारी रक्कम मोठी, आणि अखेरच्या टप्प्यात काहीच परत मिळत नाही. सवलतीच्या भाड्यात तारीख बदलायची सोय आहे का, हेही विचारा. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटलेल्या स्त्रियांना आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. हे टर्मिनलवर कळलं तर पैसे गेले.

निघताना

वेब चेक-इन घरूनच करा. देशांतर्गत सफरीला सरकारी फोटो ओळखपत्राची मूळ प्रत लागते आणि तिकिटावरचं नाव तिच्याशी तंतोतंत जुळायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही काउंटरवर खोळंबा होतो. ईस्टर्न फ्रीवेवरून आलं तरी शुक्रवारी संध्याकाळी पी. डिमेलो रोडवर गाडी रखडते. टर्मिनलचं दार जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, तेव्हा दुपारीच पोहोचा. लोकलने सीएसएमटीला उतरून टॅक्सी करणं बऱ्याचदा सगळ्यात भरवशाचं.

मोठी बॅग टर्मिनलवर घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात. औषधं, ओळखपत्रं, चार्जर, बाळाचं सामान आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाण्याची किटली आणि बाहेरचं मद्य काढून घेतात. खाद्यपदार्थांवरही बंधन असतं, लाडू-चिवड्याचे डबे घरीच ठेवा. बऱ्याच जहाजांवर सॉकेट अमेरिकन आणि युरोपीय पद्धतीचे असतात. आपला दोन गोल पिनांचा चार्जर युरोपीय सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा बसत नाही. केबिनच्या भिंती सहसा पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले तर ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे टांगायची सोय होते.

किनारा मागे पडला की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन त्याला आपोआप जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. सुटण्याच्या सुमाराला सुरक्षेची कवायत होते. ती सगळ्यांना बंधनकारक आहे आणि तुमची जीवरक्षक नौका कुठली ते तिथेच कळतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगेला चिठ्ठी लावून ती दाराबाहेर ठेवायची असते. सकाळी घालायचे कपडे आणि चपला तिच्यात गेलेल्या नाहीत ना, ते बघा. त्याच रात्री स्वागतकक्षात जाऊन खात्यावरचं बिल काढून घ्या आणि ओळीन्‌ओळ तपासा. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेलं वाय-फाय, आधीच भरलेलं सेवा शुल्क पुन्हा जोडलेलं, या चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतात. सकाळी तीच रांग शंभर माणसांची झालेली असते.